अंडाशयाची गाठ पहिल्यांदा काढणारे डॉक्टर एफ्राईम मॅकडॉवेल

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ओव्हेरियन सिस्ट’ असं लिहून आलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. अंडाशयात झालेली, द्रवाने भरलेली पिशवीसारखी गाठ, एवढाच त्याचा साधा अर्थ. अनेक गाठी आपोआप जिरतात. काढावी लागलीच तर बऱ्याचदा दुर्बिणीने, पोटाला लहान छिद्रं पाडून काढता येते. पण दोनशे वर्षांपूर्वी अशी गाठ वाढत गेली की त्या बाईला मरणाची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. पोट उघडलं तर रोगी दगावणारच, असं मोठमोठे सर्जन मानायचे. हा समज खोटा ठरवला अमेरिकेतल्या एका छोट्या गावच्या डॉक्टरने.

एफ्राईम मॅकडॉवेल यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1771 रोजी व्हर्जिनियात झाला. वडील न्यायाधीश. पुढे हे कुटुंब केंटकीतल्या डॅनव्हिल गावी राहायला गेलं. तरुणपणी मॅकडॉवेल वैद्यकी शिकायला स्कॉटलंडमधल्या एडिंबराला गेले. तिथे त्यांनी सर्जन जॉन बेल यांची व्याख्यानं ऐकली. पदवी न घेताच ते परतले आणि 1795 मध्ये डॅनव्हिलमध्ये इलाज करू लागले.

डिसेंबर 1809 मध्ये त्यांना साठ मैलांवरून बोलावणं आलं. जेन टॉड क्रॉफर्ड ही 46 वर्षांची बाई होती. पोट इतकं वाढलेलं, की दिवस उलटून गेलेलं बाळंतपण आहे असं तिथले डॉक्टर समजून बसले होते. मॅकडॉवेल यांनी तपासलं आणि ओळखलं, की हे मूल नाही, अंडाशयाची गाठ आहे. त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. असं ऑपरेशन यशस्वी झाल्याचं आपण कधी ऐकलेलं नाही, जिवाला धोका आहे, तरी डॅनव्हिलला आलीस तर प्रयत्न करीन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. निर्णय तिचा होता. ती तयार झाली.

ऐन हिवाळ्यात जेन घोड्यावर बसून साठ मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर आली. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर गाठ टेकून टेकून पोटाला मुका मार लागला होता. 25 डिसेंबरला डॉक्टरांच्या घरातच ऑपरेशन झालं. भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतंच; ईथरचा वापर रूढ व्हायला अजून 37 वर्षं होती. जेन हजरत दाऊद (अ.) यांच्या नावाने ओळखली जाणारी स्तोत्रं म्हणत पडून राहिली, असं सांगतात. डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला नऊ इंचांचा छेद घेतला, तशी आतडी बाहेर टेबलावर आली. गाठ अखंड निघेना. म्हणून मुळाशी घट्ट दोरा बांधून त्यांनी ती फोडली. आतून 15 पौंड चिकट द्रव निघाला आणि मग साडेसात पौंडांची पिशवी. एकूण वजन दहा किलोच्या वर. पंचवीस मिनिटांत काम आटोपलं.

पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले, तर बाई स्वतःचं अंथरूण आवरत होती! 25 दिवसांनी ती घरी परतली आणि पुढे 32 वर्षं जगली.

मॅकडॉवेल यांनी लगेच गाजावाजा केला नाही. 1817 मध्ये त्यांनी तीन रुग्णांची हकिकत छापली. अनेकांनी विश्वास ठेवला नाही. लंडनच्या एका संपादकाने तर टिंगल केली. नंतर त्यालाच माफी मागावी लागली.

या हकिकतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या तिघींपैकी दोघी काळ्या गुलाम स्त्रिया होत्या. लेखात जेनचं आडनाव आहे, या दोघींची नावं नाहीत. जेनला विचारलं गेलं; गुलाम बाईला नाही म्हणायचा हक्कच कुठे होता? आजच्या शस्त्रक्रियेवर त्यांचंही ऋण आहे.

25 जून 1830 रोजी मॅकडॉवेल यांचं निधन झालं. आज वॉशिंग्टनच्या संसद भवनात त्यांचा पुतळा आहे आणि डॅनव्हिलचं घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे.

आपल्या घरात आई-बहिणी पोटाचं दुखणं लाजेपोटी अंगावर काढतात. पोट फुगलेलं राहत असेल, ओटीपोटात सारखं दुखत असेल, पाळीची तक्रार असेल, तर वेळेवर दाखवा. डॉक्टरांना मोकळेपणाने प्रश्न विचारा, आणि जिचं ऑपरेशन आहे तिलाही सगळं नीट समजू द्या. जेनला ते समजलं होतं, म्हणून तर ती साठ मैल आली.