देहू उभारणारे कलावंत : साहेबमामा फत्तेलाल

१९३६ साली पडद्यावर आलेला ‘संत तुकाराम’ हा बोलपट पाहिला नाही असा मराठी माणूस आमच्या पिढीत तरी विरळाच. विष्णुपंत पागनीसांची तल्लीन मुद्रा, गौरीबाईंची तोंडाळ पण मायाळू जिजाई, मत्सराने पोळलेला सालोमालो ही माणसे महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आम्हांलाही घरच्यासारखी वाटतात. परंतु ही माणसे ज्या देहूत वावरतात ते पडद्यावरचे देहू कोणी घडविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर शेख फत्तेलाल असे आहे. चित्रसृष्टी त्यांना आदराने साहेबमामा म्हणे.

त्यांचा जन्म १८८६ साली कोल्हापूरजवळच्या कागल येथे झाला. त्यांचे खरे विद्यापीठ म्हणजे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंचा सहवास. हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. राजवाडा, उपवन, रस्ता, अरण्य असे मोजके पडदे रंगविले की नाटकाचे जग पुरे होई. प्रेक्षकाने ते खरे मानायचे, असा अलिखित करारच होता. कॅमेऱ्याला मात्र हा करार मान्य नसतो. रंगविलेल्या खांबाची सावली पडत नाही आणि रंगविलेल्या दारातून कोणी बाहेर येऊ शकत नाही, हे तो निर्दयपणे दाखवून देतो. १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढे आणला. चित्रपटातून सपाट पडदा हद्दपार करून खोली, उंची आणि जडपणा असलेली नेपथ्यरचना त्यांनी रूढ केली. या शाळेतच फत्तेलाल तयार झाले, आणि विष्णुपंत दामले या जन्माच्या मित्राची गाठ त्यांना येथेच पडली.

दोघांनी मिळून १९२८ साली ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनीची बाजू सांभाळली आणि कलाविभाग फत्तेलालांकडे राहिला. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आणि १९३३ साली जर्मनीत रंगप्रक्रिया करून आणलेला, पण अपेक्षाभंग करणारा ‘सैरंध्री’ हे दोन्ही त्यांच्याच कलादिग्दर्शनाखाली सजले. १९३३ साली प्रभात पुण्यास आली.

पुण्यातील पहिलाच बोलपट ‘अमृतमंथन’ १९३४ साली निघाला. त्याचा आरंभ चंडिकेच्या मंदिरात होतो. अंधारात बुडालेले ते देवालय पाहताना भय वाटते ते दगडाच्या भाराचे. वास्तविक तेथे दगड नसतोच. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, वर प्लॅस्टर आणि रंगाचा हात, एवढीच नेपथ्यकाराची सामग्री. त्यातही चित्र कृष्णधवल, म्हणजे भिंतीला कोणता रंग दिला यापेक्षा तो करड्याची कोणती छटा होऊन उतरेल हे आधी ओळखावे लागे. हा हिशेब पुस्तकात मिळत नसे. वर्षानुवर्षे पडदे रंगविलेल्या हातालाच तो साधे.

असा भव्यतेचा धनी दोन वर्षांनी देहू उभारायला बसला, आणि त्याने भव्यता बाजूला ठेवली. आम्हांस त्यांचे सर्वांत मोठे काम हेच वाटते. दामल्यांसह दिग्दर्शनही त्यांचेच असल्याने वैभव दाखविण्याचा मोह कोणी आवरायला नव्हता. तरीही तुकोबांच्या घरात दारिद्र्याचे प्रदर्शन नाही की भक्तीचा देखावा नाही. जिजाईचा संसार, तिची म्हैस, तिची कुरकुर यांना साजेल एवढेच घर आहे. या साध्या मातीमुळेच पुढचे चमत्कार पटतात. धान्याचा वर्षाव आणि अखेरचे वैकुंठगमन एखाद्या चकचकीत नगरीत घडले असते, तर ती नुसती हातचलाखी ठरली असती. हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

वारकऱ्यांच्या या देवघराची मांडणी एका मुसलमान कारागिराने केली, याचे आज कौतुकमिश्रित आश्चर्य व्यक्त होते. कोल्हापूरच्या त्या कलाशाळेत ते कोणाला वाटले असेल असे आम्हांस वाटत नाही. दामल्यांबरोबर त्यांनी १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ आणि त्यानंतर ‘संत सखू’ही केला. शांतारामांच्या ‘कुंकू’तील कोंदट घर आणि ‘माणूस’मधील वस्ती त्यांच्याच हातची. १९४१ च्या ‘शेजारी’त एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन जिवलग वृद्ध फुटलेल्या धरणाच्या लोंढ्यात एकत्र प्राण सोडतात. त्याही चित्राचे कलादिग्दर्शक फत्तेलालच होते.

आमच्यासारख्या सरकारी नोकरांना पडद्यामागच्या कामाचे मोल थोडेफार कळते. टिपणी एकाची, सही दुसऱ्याची हा आमचा नित्याचा अनुभव. नटाचे नाव राहते, दिग्दर्शकाचेही राहते. भिंत उभारणाऱ्याची भिंत मात्र चित्रीकरण संपताच मोडली जाते आणि तिचे लाकूड दुसऱ्या भिंतीला लागते. साहेबमामांच्या हातची अशी किती गावे उठली असतील!

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. १९४५ साली दामले गेले, आणि चित्रश्रेयात सदैव जोडीने येणारे एक नाव एकटे उरले. पन्नाशीच्या दशकात प्रभात मिटली. त्यानंतरही वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९५५ साली, त्यांनी ‘जगद्गुरू शंकराचार्य’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. १९६० साली प्रभातच्या वास्तूत केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. साहेबमामा १९६४ साली निवर्तले. त्यांची मंदिरे आणि घरे ज्या छताखाली उठली आणि मोडली, ते प्रभातचे जुने चित्रीकरणगृह त्या संस्थेच्या आवारात आजही उभे आहे. विद्यार्थी तेथे आपापल्या भिंती उभारतात.