पहिली सुई स्वतःला

भगिनींनो, मूल दीड महिन्याचे झाले की आपण त्याला टोचून आणतो. अडीच महिन्यांचे झाले की पुन्हा, साडेतीनचे झाले की पुन्हा. त्या रात्री बाळाचे अंग तापते, ते किरकिरते आणि घरातले कुणीतरी म्हणतेच, की धडधाकट लेकराला सुई टोचायची कशाला? ही शंका जुनी आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ती एका परमुलखातल्या माणसापुढे आली होती. त्याने तिला जे उत्तर दिले ते आपल्या ध्यानात राहावे, म्हणून वाल्डेमार हाफकिन यांचे हे चरित्र थोडक्यात सांगते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा गावी एका ज्यू घराण्यात झाला. हे गाव तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. मुलगा हुशार होता, पण त्या राज्यात ज्यू माणसाला विद्यापीठात वर चढायला वाट नव्हती. ते देश सोडून निघाले आणि १८८९ मध्ये पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत लागले, तेही ग्रंथालयातल्या साध्या नोकरीवर. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी जंतूंचा अभ्यास केला. १८९२ साली पटकीवरची लस तयार केली, आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यास आले व बंगालमध्ये पटकीची लस टोचत फिरले. ते वैद्यकीचे डॉक्टर नव्हते, त्यामुळे सरकारी डॉक्टरांपैकी बरेचजण त्यांच्याकडे संशयानेच पाहत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा चावून तो माणसाला होई. काखेत नाही तर जांघेत गाठ येई, ताप चढे आणि चार-सहा दिवसांत माणूस जाई. पुण्यात गोरे शिपाई घरात शिरून तपासण्या करू लागले. लोक इतके संतापले की २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. रोगी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली होती. आपले कोल्हापूर संस्थानही या साथीतून सुटले नाही. शाहू महाराजांच्या त्या काळात लोकांना घरे सोडून गावाबाहेर झोपड्या घालून राहावे लागले.

अशा वेळी हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा बोळ मिळाला. मांसाच्या रश्शात ते प्लेगचे जंतू वाढवीत. वर तुपाचे थेंब सोडीत, त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते जंतू उष्णता देऊन मारीत. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीर त्याला ओळखून ठेवते, आणि जिवंत जंतू आला की त्याच्याशी लढायला तयार असते. घरात चोराची ओळख आधीच पटवून ठेवावी, तसेच हे. आपल्या बाळांना डांग्या खोकल्याची जी लस सरकारी दवाखान्यात देतात, तीही मेलेल्या जंतूंचीच असते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस पहिल्यांदा टोचली, ती स्वतःला. ताप आला, अंग ठणकले, आणि ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. टोचलेल्यांत आजार फार थोड्यांना झाला. मग लोकांचा विश्वास बसू लागला. आगाखानांनी प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली.

पण विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि जायला एक बाटली पुरते. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळा ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम गेले. पुढे चौकशीतून दिसले, की तिथे बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे १९०७ साली ते निर्दोष ठरले. एवढे सोसूनही ते पुन्हा कलकत्त्यास येऊन काम करू लागले.

१९२५ साली परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव दिले. ते १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. संसार त्यांनी केलाच नाही. पुढे त्यांच्याच नावाच्या मुंबईतल्या संस्थेने पोलिओचे थेंब पुरवले. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला, त्यात या संस्थेचाही वाटा आहे.

तेव्हा भगिनींनो, सुई नवी आहे ना, पाकीट आपल्यासमोर फोडले ना, हे जरूर पाहावे, नर्सबाईंना विचारायला लाजू नये. मुलकोवालने शिकवले ते एवढेच. पण शंका आली म्हणून बाळाची टोचणी चुकवू नये. एका रात्रीच्या तापाने लेकरू रडेल, पण पुढे कितीतरी रोगांपासून वाचेल.