नगरच्या नवलमलजींची रिक्षा

मैत्रिणींनो, बाजारच्या दिवशी आपण ज्या आपेत दाटीवाटीनं बसतो, ती मूळची इटलीची. तिकडे ‘वेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी आणि ‘आपे’ म्हणजे मधमाशी! पियाजिओ कंपनीनं वेस्पा स्कूटरवरून १९४८ मध्ये ही तीनचाकी काढली, ती माल वाहण्यासाठी. आपल्याकडे अशा गाडीत माणसं बसवली ती शेजारच्या नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) नवलमल फिरोदियांनी.

जन्म १९१० चा. वडील कुंदनमलजी पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. घर स्वातंत्र्यचळवळीतलं, नवलमलजींनीही तुरुंगवास भोगला. देश स्वतंत्र झाला तरी शहरात माणूसच माणसाला ओढत होता. अशात एका मासिकात त्यांनी त्या तीनचाकीचा फोटो पाहिला. मग एक स्कूटर आणि दोन मालवाहू तीनचाकी मागवल्या नि मालाच्या जागी माणसांची सोय केली.

पण गाडी तयार झाली म्हणजे रस्त्यावर आली असं थोडंच आहे! असलं वाहन इथं कुणी पाहिलेलंच नव्हतं. मुंबई राज्याचे गृहमंत्री होते मोरारजी देसाई, कडक माणूस. नवलमलजींनी गाडी त्यांना दाखवली, सरकारची परवानगी मिळवली, तेव्हा कुठे रिक्षा धावू लागली.

मला त्यांचं कौतुक वाटतं ते इथं. आपल्याकडे जुन्या मोटारसायकलला मागं दोन चाकं जोडून कडबा, पाण्याच्या टाक्या वाहणारे हुशार कारागीर आहेत. हात सोन्याचे, पण गाडीचं पासिंग नाही, त्यामुळं विमाही नाही. अशा गाडीवरून पडलेल्या एका बाईच्या घरी मी जाऊन आलेय. पाय मोडलेला, दवाखान्याचं बिल डोक्यावर, आणि भरपाई मागायची कुणाकडं? घरातल्या कुणी अशी गाडी जोडायला काढली, तर आधी आरटीओत विचारायला सांगा बाई!

पुढं नवलमलजींनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी केली. त्यांचे भाऊ हस्तीमल यांच्या कायनेटिकनं लुना आणली. नवलमलजी १९९७ मध्ये गेले. टेम्पो हे एका जर्मन कंपनीचं नाव होतं, हे आता कुणाला आठवतं? कापूस न्यायचा असो की लग्नाचं वऱ्हाड, आपण सरळ म्हणतो, टेम्पो सांगा.