आयझाक वॉल्टन

उन्हाळ्याच्या सुटींत नदीकांठीं गळ टाकून तासन्‌तास बसलेला मुलगा दिसला म्हणजे वडील मंडळी त्यास आळशी ठरवून मोकळी होतात. परंतु ह्याच छंदावर ग्रंथ लिहून इंग्रजी वाङ्मयांत अढळ स्थान मिळविणाऱ्या एका दुकानदाराची ओळख आज आम्ही वाचकांस करून देणार आहों.

आयझाक वॉल्टन ह्याचा जन्म इ. स. १५९३ मध्यें इंग्लंडांतील स्टॅफर्ड गांवीं झाला. बालपणींच त्याचें पितृछत्र हरपलें. पुढें लंडनला जाऊन त्यानें फ्लीट स्ट्रीट भागांत दुकान थाटलें. विद्यापीठाचें शिक्षण त्यास लाभलें नाहीं. तथापि विद्वानांच्या सहवासानें त्याची बुद्धि संपन्न झाली, व १६४० सालीं त्यानें कवि जॉन डन याचें चरित्र प्रसिद्ध केलें.

संसारांत मात्र दैव त्यास प्रतिकूल होतें. पहिल्या पत्नीचीं सातही मुलें लहानपणींच दगावलीं, आणि १६४० मध्यें ती साध्वीही निवर्तली. दोन वर्षांनीं देशांत यादवी पेटली. वॉल्टन राजपक्षाचा होता. १६५१ सालीं वूस्टरच्या लढाईंत राजाचा पराभव झाल्यावर राजाचें एक रत्नजडित पदक लंडनला सुखरूप पोंचविण्याची जोखीम ह्या शांत गृहस्थानें पत्करली.

अशा धामधुमींत, वयाच्या साठाव्या वर्षीं, १६५३ मध्यें त्याचा ‘कंप्लीट अँग्लर’ हा ग्रंथ बाहेर पडला. त्यांत नद्या, कुरणें, मासे व मनाची स्वस्थता यांचें वर्णन आहे. ग्रंथ लोकप्रिय झाला. परंतु त्यांत एक उणीव होती, व ती खुद्द ग्रंथकर्त्यासच ठाऊक होती. गांडूळ व इतर आमिषें लावून मासे धरण्यांत तो निष्णात होता; कृत्रिम माशीच्या विद्येंत मात्र त्यास दुसऱ्यांवर विसंबावें लागलें.

ही विद्या त्याचा तरुण मित्र चार्लस कॉटन ह्यास उत्तम अवगत होती. कॉटनचा जन्म १६३० चा. म्हणजे वॉल्टनहून तो सदतीस वर्षांनीं लहान. त्याची जहागीर डव्ह नदीच्या कांठीं होती. ही नदी डोंगराळ मुलखांतून वाहते, व तिच्या थंड, खळाळत्या पाण्यांत ट्राउट मासा राहतो. त्यास किड्यांची आवड; म्हणून लोकर, रेशीम व पिसें यांची माशी करून ती गळास बांधतात आणि अलगद पाण्यावर सोडतात.

कडक उन्हाळ्यांत ह्या कलेची खरी कसोटी लागते. पाणी उतरून कांचेसारखें नितळ होतें, आणि कांठावर सांवली हलतांच मासा पसार होतो. शिवाय ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. त्यामुळें मासा फेसाळ धारेंत किंवा झाडांच्या छायेखालीं आश्रय घेतो. अशा वेळीं दोरी बारीक असावी व आपण दूर उभें राहावें, ही कॉटनची शिकवण. आज तर पाण्याची उष्णता सुमारें २० अंश सेल्सिअसवर गेली कीं जाणते शिकारी गळ गुंडाळून ठेवितात. कारण इतक्या उष्ण पाण्यांत दमलेला मासा सोडून दिला तरी तो मरण्याचा धोका वाढतो.

१६७४ मध्यें कॉटननें डव्हकांठीं एक लहानसें मत्स्यगृह बांधिलें व त्यावर दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें एकत्र गुंफून कोरविलीं. १६७६ सालीं ग्रंथाची पांचवी आवृत्ति निघाली. ऐंशी उलटलेल्या वॉल्टननें माशीच्या विद्येचा भाग कॉटनकडून लिहवून घेतला व तो आपल्या ग्रंथास जोडला. कीर्ति शिखरास पोंचली असतांही त्यानें आपल्या आसनावर धाकट्यास जागा करून दिली.

पुढें कर्जापायीं कॉटनची जहागीर विकली गेली. मत्स्यगृह मात्र अद्यापि उभें आहे. वॉल्टन १५ डिसेंबर १६८३ रोजीं विंचेस्टर येथें मरण पावला. मृत्युपत्रान्वयें त्यानें आपल्या एका शेताचें उत्पन्न जन्मगांवास दिलें: गरीब मुलांना धंदेशिक्षण मिळावें व हिंवाळ्यांत गोरगरिबांना कोळसा मिळावा म्हणून. सात मुलें गमावलेल्या पित्यानें परक्यांच्या मुलांची चिंता वाहिली.

विद्यार्थिमित्रहो, आपणांस जें येत नाहीं तें मोकळ्या मनानें कबूल करून जाणत्यापाशीं शिकावें, मग तो वयानें लहान कां असेना. आणि पालकांस आमची विनंती इतकीच कीं, नदीकांठीं स्वस्थ बसलेल्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वीं तो काय न्याहाळीत आहे, हें एकदां त्याच्या शेजारीं बसून पाहावें.