परक्या भूमीत गवसलेली माता
मॉर्मन चर्चचे सहावे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांचा जन्म १८३८ मध्ये अमेरिकेतील मिसुरी येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना जमावाने त्यांच्या वडिलांची हत्या केली. १८५२ मध्ये मातृछत्रही हरपले. दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या १५ व्या वर्षी, त्यांना धर्मप्रचारासाठी हवाईच्या तत्कालीन स्वतंत्र राज्यात धाडण्यात आले. तेथे आजारी पडलेल्या या पोरक्या मुलाची एका हवाईयन स्त्रीने पोटच्या पुत्राप्रमाणे शुश्रूषा केली. स्थानिक भाषाही त्यांनी अल्पावधीत आत्मसात केली. १९०१ मध्ये अध्यक्षपदी आरूढ झालेले स्मिथ पुढे होनोलुलूस गेले, तेव्हा दृष्टी गमावलेली ती वृद्धा केळ्यांची भेट घेऊन त्यांना शोधत आली. १९१५ मध्ये त्यांनी हवाईतील लाईए येथे मंदिरासाठी भूमी समर्पित केली. मंदिर १९१९ मध्ये खुले झाले. तत्पूर्वीच, १९१८ मध्ये, स्मिथ निवर्तले होते.