कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी



कल्याणच्या पारनाक्यावरून आपण अनेकदा गेला असाल. याच गावात गणपतराव जोशी यांचे घर होते. त्यांची कन्या यमुना हिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. हीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आली. परीक्षेत आपण तिच्यावर एका गुणाचे उत्तर लिहितो आणि विसरून जातो. आज मात्र तिचे चरित्र मी एका निराळ्या प्रश्नासाठी आपणांपुढे ठेवीत आहे. आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्यामध्ये अंतर किती असते, आणि ते मोजावे कशाने?

यमुना नऊ वर्षांची असताना तिचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. ते तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे, बिजवर, पोस्टात कारकून. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले. स्वभावाने ते हट्टी व तापट होते. परंतु बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा निश्चय कधी ढळला नाही. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता अशा ठिकाणी फिरल्या आणि शिकत राहिल्या.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, हे शल्य त्या कोवळ्या मातेच्या मनात कायमचे रुतले. पुष्कळ आयांनी असे दुःख नशिबावर टाकले असते. आनंदीबाईंनी त्याचे कारण शोधले.

वाचकहो, त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आगगाडी १ मे १८५४ रोजीच कल्याणला पोहोचली होती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते. मैलांच्या हिशेबाने पाहिले तर वैद्यकविद्या आपल्या या भागापासून फारशी दूर नव्हती. पण परपुरुषाला दुखणे सांगायचे नाही, ही घरंदाज स्त्रीची रीत. स्त्री-डॉक्टर तर जवळपास कोठेच नाही. दवाखाना गल्लीच्या तोंडाशी असला, तरी तिच्यासाठी तो सात समुद्रांपलीकडेच होता. हे अंतर आगगाडीने कमी होणारे नव्हते. ते कमी करण्यासाठी कोणीतरी स्त्रीनेच डॉक्टर होणे आवश्यक होते.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर या दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता त्यांच्या हाती ते मासिक पडले, आणि एका अनोळखी हिंदी मुलीला त्यांनी आपलेसे केले. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भरसभेत आपला हेतू सांगितला. या देशात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी लोकांना समजावून दिले. तो कलकत्त्याजवळचा गाव, लोक विरोधात आणि बोलणारी मुलगी अठराव्या वर्षात!

एप्रिल १८८३ मध्ये त्या पतीला मागे ठेवून बोटीत बसल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील थंडी, परके अन्न आणि खालावणारी प्रकृती सोशीत ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या कामासाठी एवढा प्रवास केला, ते हाती घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या कौटुंबिक स्मशानभूमीत विसावल्या.

मग हे आयुष्य फुकट गेले का? नाही. १८८६ मध्येच मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. १८९४ मध्ये डॉ. रखमाबाई डॉक्टर झाल्या. वाट मळत गेली.

आज आरोग्य आणि भूगोल यांचा संबंध शोधणारे तरुण संशोधक नकाशावर गावे, रस्ते आणि दवाखाने मांडून आनंदीबाईंचाच प्रश्न विचारतात. मुंबईत देवनारला १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या देखरेखीखाली होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना विचारतात, की उपचारासाठी जाताना अडचण कशाची येते? अंतराची, वाहनाची, पैशाची, घरच्यांच्या परवानगीची, सोबत कोणी नसण्याची, की स्त्री-डॉक्टर नसण्याची? पाहा, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका चौदा वर्षांच्या आईला जे उमगले, ते आता पाहणीच्या प्रश्नावलीत आले.

हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे. माझ्या अम्मीने पोटातले दुखणे कित्येक महिने लपवले. दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर होता, पण तपासणारे डॉक्टर पुरुष होते. अखेर शेजारच्या बाईंनी तिला दूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले, तेव्हा कोठे उपचार सुरू झाले. दहा मिनिटांची वाट चालायला तिला काही महिने लागले! आणि तिकडे शहापूर-मुरबाडच्या डोंगरातील पाड्यांवर तर पावसाळ्यात वाटच तुटते. तेथील बाईपुढे दोन्ही अंतरे उभी असतात, वाटेचेही आणि रीतीचेही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढा. त्यात दवाखाने दाखवा. मग घरातील आई, आजी, खाला यांना विचारा, की यांपैकी कोठे त्या निःसंकोच जाऊ शकतात? खरे अंतर त्या उत्तरात दिसेल. भूगोलाचा असा धडा कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

आणि पालकहो, दहावीनंतर मुलगी विज्ञान शाखेला जाऊ म्हणाली, तर कॉलेज लांब आहे म्हणून तिला अडवू नका. आज तिने लोकलने कापलेले अंतर उद्या कित्येक आयांचे अंतर कमी करील.