गिरणी कामगारांचा रविवार आणि नारायण मेघाजी लोखंडे

भारतात रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांनी आणली, असे सर्रास लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. सरकारी कचेऱ्या त्यांच्या आधीपासूनच रविवारी बंद असत. ज्यांच्या वाट्याला ही सुटी येत नव्हती ते मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगार होते आणि लोखंडे यांनी ती मिळवली ती त्यांच्यासाठी. इतके नेमके सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही. हे काम कोणत्या परिस्थितीत झाले ते पाहिले, तर ते वाढतेच.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, फुलमाळी समाजातील. शिक्षण संपवून त्यांनी रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी केली व नंतर मुंबईतील एका कापड गिरणीत ते भांडारपाल झाले. गिरणीचा आतला कारभार त्यांना दिसला तो या नोकरीत. १८७४ मध्ये ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात आले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले 'दीनबंधु' पत्र बंद पडण्याच्या बेतात असताना १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईला आणले आणि अखेरपर्यंत चालवले. गुरूशी त्यांचे सदैव जमले असे मात्र नाही. 'शेतकऱ्याचा असूड'ची सुरुवातीची प्रकरणे छापून 'दीनबंधु'ने पुढची छापण्याचे टाळले, तेव्हा फुले त्यांच्यावर रुष्ट झाले होते. लोखंडे स्वभावाने सावध होते. त्यांच्या कामगार चळवळीवरही या सावधपणाचा ठसा आहे.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. पुढे गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कामाच्या तासांचे नियम मात्र कोणी केले नाहीत. गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उजाडले की यंत्रे सुरू आणि मावळले की बंद. मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये अकरा तासांचा. कामगाराचा दिवसही तेवढाच लांबे आणि आखूड होई. सणावारांच्या मोजक्या सुट्या सोडल्या, तर आठवड्यात विसाव्याचा ठरलेला दिवस नव्हता. रविवारी यंत्रे थांबली तरी ती साफ करण्यासाठी कामगाराला बोलावले जाई. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ तासांची मर्यादा घातली. स्त्रिया आणि प्रौढ पुरुष यांच्या तासांबाबत तो कायदा गप्प होता.

मुंबई सरकारने १८८४ मध्ये कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी संधी साधली. सप्टेंबर महिन्यात परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन आयोगापुढे गेले. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत वेतन, अशा त्या मागण्या होत्या. आज त्या फारच माफक वाटतात. सूर्यास्तापर्यंतचे काम तर लोखंडे स्वतःच मान्य करत होते!

याच सुमारास त्यांनी मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. भारतातील पहिली कामगार संघटना म्हणून तिचा उल्लेख होतो, पण तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावलीही नव्हती. जो कामगार येईल त्याला सल्ला द्यायचा, त्याचा अर्ज लिहायचा आणि त्याच्या वतीने बोलायचे, हे सारे लोखंडे स्वतः करीत.

विरोध केवळ मालकांचा असता तर गोष्ट सोपी होती. मँचेस्टरचे गिरणीमालक मुंबईच्या स्पर्धेला घाबरून भारतात कडक कायद्याची मागणी करत होते. साहजिकच अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांना कामाचे तास कमी करणे म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा लँकेशायरचा डाव वाटे. हा संशय निराधार नव्हता. तरीही साच्यावर उभ्या असलेल्या बाईला त्या तर्काने विसावा मिळणार नव्हता. देशाभिमानाच्या विरोधात गेल्याचा ठपका पत्करून लोखंडे यांनी कामगारांची बाजू धरली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही त्या सभेत भाषणे केली. त्या काळी ही साधी घटना नव्हती. सभेचा अर्ज मालक संघटनेकडे गेला आणि १० जून रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. साहेबाची ही सुटी घाटावरून आलेल्या मराठी कामगाराला परकी वाटण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी नव्या फॅक्टरी आयोगाच्या कामात लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांची बाजू मांडली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती देशभर लागू झाली. स्त्रियांना ११ आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलांना ७ तासांची मर्यादा मिळाली.

प्रौढ पुरुषांच्या पदरात तासांची मर्यादा पडली नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याने घातलेला बांधही फुटला. १९०५ च्या तेजीत मुंबईतील कामाचा दिवस १४-१५ तासांवर गेला आणि कामगारांत असंतोष उसळला. तासांचा इतिहास हा सरळ उतरणीचा रस्ता नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिले. १९११ मध्ये कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये दिवसाला ११ व आठवड्याला ६० तास, १९३४ च्या कायद्याने १० व ५४, तर १९४६ मध्ये ९ व ४८ असा तो आकडा खाली आला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हाही आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले गेले.

यातले काहीच पाहायला लोखंडे नव्हते. १८९० मध्ये त्यांनी विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिकांना संघटित केले होते. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर राणीच्या बागेत सलोख्याचा मेळावा भरवला होता. सरकारने त्यांना रावबहादूर केले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि माणसे शहर सोडून पळू लागली. लोखंडे मागे राहिले, रुग्णांच्या सेवेत राबले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.